17 फुटी बोट, 90 चं इंजिन आणि 150 ची मागणी: एक प्रकरण अभ्यास

बोटमालकाची मागणी अगदी थोडक्यात होती: "90 एचपीचं काढा आणि 150 चं बसवा." बोट 17 फुटांची, फायबरची, मधोमध कन्सोल, म्हणजे सुकाणूचा कट्टा, असलेली. मागे तीन सिलिंडरचं कार्ब्युरेटरवालं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीबाहेर टांगलेलं इंजिन), वजन सुमारे 120 किलो. बोटीत दोघं असली की ती ठीक पळायची. सहा जण बसले की पुढचं टोक वर, मागचा भाग पाण्यात खोल, थ्रॉटल पूर्ण पुढे, आणि तरीही बोट प्लेनवर, म्हणजे पाण्यावर उचलून घसरत पळायच्या अवस्थेत, यायची नाही. इंजिन कमी पडतंय असं मालकाला वाटणं साहजिक होतं. माझ्याकडे काम आलं ते नवं इंजिन सुचवायचं आणि ते बसवताना लक्ष ठेवायचं.

हे प्रकरण सविस्तर मांडतोय, कारण अशी मागणी करणाऱ्या बहुतेक बोटींची खरी अडचण इंजिनाच्या बाहेर असते आणि ती शोधायच्या आधीच नव्या इंजिनाची ऑर्डर गेलेली असते. इंजिन वाढवायचा विचार बोटीच्या वजनापासून आणि मागच्या फळीपासून, म्हणजे ट्रान्समपासून, सुरू व्हायला हवा. एचपीचा आकडा त्यातून आपोआप निघतो.

आधी जुनं इंजिन काय सांगतंय

जुन्या इंजिनाची फुल थ्रॉटलची मर्यादा 4500 ते 5500 आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) होती. दोघं बसून पूर्ण थ्रॉटल दिला तर टॅकोमीटर 4700 दाखवत होता आणि वेग 26 नॉट (तासाला सागरी मैल). सहा जण बसल्यावर तो 4000 च्या आसपास अडकायचा. इथेच पहिली शंका आली. रिकाम्या बोटीत इंजिन आपल्या मर्यादेच्या जेमतेम आत येत असेल आणि भरलेल्या बोटीत खालीच राहत असेल, तर ते 90 एचपी देतच नाही. त्याच्याकडे ताकद आहे, पण ती जिथे मिळते त्या फेऱ्यांपर्यंत त्याला पोहोचू दिलं जात नाही.

मागे 19 इंच पिचचा पंखा होता. पिच म्हणजे एका पूर्ण फेरीत पंख्याने, घसरण धरली नाही तर, जेवढं अंतर कापायचं तेवढं. पिच जास्त तर वेग जास्त, या हिशोबाने कुणीतरी तो आधी कधीतरी लावला होता. प्रत्यक्षात ते चढावर सायकल सर्वांत वरच्या गिअरमध्ये रेटण्यासारखं झालं होतं. एक इंच पिच कमी केला की साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात, हा ढोबळ नियम बहुतेक आउटबोर्डना लागू पडतो. म्हणून त्याच व्यासाच्या आसपासचा 15 इंची पंखा आणून लावला. रिकाम्या बोटीत आरपीएम 5400 वर गेले, वेग 25 नॉट. म्हणजे वरचा एक नॉट कमी झाला. पण सहा जणांना घेऊन बोट प्लेनवर आली. हळूहळू, कुरकुरत, पण आली.

मालक हे बघून थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे नवं इंजिन नको म्हणता?"

तसं नव्हतं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरांमधला दाब, तपासलं तेव्हा दोन सिलिंडर 118 आणि 120 पीएसआय होते, वरचा 92. सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर मी त्या इंजिनावर लांबच्या फेरीसाठी भरवसा ठेवत नाही. इथे तो वीस टक्क्यांच्या वर होता. दुरुस्ती करता आली असती. पण आतून उघडलेलं जुनं टू-स्ट्रोक पुन्हा त्याच कार्ब्युरेटरवर, त्याच तेलाच्या धुरात चालवण्यापेक्षा नवं फोर-स्ट्रोक घेणं त्याला पटलं आणि मलाही. इंजिन बदलायचं हे ठरलं. किती मोठं घ्यायचं, एवढंच उरलं होतं.

वजनकाट्यावर

निर्मात्याच्या कागदावर रिकाम्या हलचं, म्हणजे बोटीच्या नुसत्या धडाचं, वजन 520 किलो. त्यात इंजिन 120, भरलेल्या टाकीतलं 80 लिटर पेट्रोल सुमारे 60, दोन बॅटऱ्या 50, नांगर-दोर-जॅकेटं वगैरे 60 धरले तर 810 किलो व्हायला हवेत. बोट ट्रेलरसकट काट्यावर नेली, ट्रेलरचं वजन वजा केलं आणि 985 किलो आले. 175 किलो जास्तीचे, आणि डोळ्यांना दिसणारं काहीच नाही.

थोडं सामान निघालं: जुने दोर, गंजलेली साखळी, कुणालाच आठवत नव्हतं ते एक जादा नांगर. ते सगळं मिळून तीस-पस्तीस किलो. बाकीचं डेकखाली होतं. पाहणीसाठीचं गोल झाकण काढून आतला फोम बोटाने दाबला तर पाणी वर आलं. डेकच्या स्क्रूंच्या भोकांतून वर्षानुवर्षं झिरपलेलं पाणी फोमने धरून ठेवलं होतं. बंद पेशींचा फोमसुद्धा सतत पाण्यात पडून राहिला, गोठण-वितळण किंवा हादरे सोसत राहिला की पाणी धरतो, आणि एकदा धरलं की ते उन्हात ठेवून निघत नाही. यात नुसतं वजन वाढत नाही. तो फोम बोट पाण्याने भरली तरी तिला तरंगत ठेवण्यासाठी असतो. जेवढं पाणी त्यात शिरलं तेवढी तरंगण्याची ताकद गेली, म्हणजे नुकसान दोन्हीकडून.

इथे गणित मांडलं. प्लेनवर पळणाऱ्या बोटीचा वेग ढोबळमानाने एचपी भागिले वजन, याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. बोटीचा वेग अंदाजायच्या क्राउचच्या सूत्राचा गाभा हाच. वर्गमूळ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण एचपी विकत घेणारे लोक सरळ प्रमाण मनात धरून चालतात. 90 वरून 150 म्हणजे 67 टक्के वाढ. पण 1.67 चं वर्गमूळ 1.29, म्हणजे वेगात वाढ 29 टक्केच. त्यातून नव्या इंजिनाचं जादा वजन वजा करा: तीन लिटरचं 150 फोर-स्ट्रोक 206 किलोच्या आसपास भरतं, म्हणजे मागे 86 किलो जास्त. दोन माणसं धरून हिशोब केला तर वेगातली वाढ 24-25 टक्क्यांवर येते.

115 चं फोर-स्ट्रोक सुमारे 165 किलोचं. ते त्याच ओल्या बोटीवर लावलं तर वाढ 11 टक्के, फार उत्साह वाटावा अशी नाही. पण 115 लावून बोटीतलं 140 किलो पाणी बाहेर काढलं तर वाढ 18 टक्के. थोडक्यात, 115 आणि 150 यांच्यात जे अंतर होतं त्यातलं निम्मं फोम बदलून भरून निघत होतं. शिवाय भरलेल्या बोटीत दर एचपीमागे वजन जवळपास 16 किलोवरून पावणेबारा किलोवर येत होतं. दर एचपीमागे अकरा-बारा किलो असतील तर बोट सहज उचलते. अठराच्या पुढे गेलं की रडतखडत. सहा माणसांना घेऊन प्लेनवर येणं, ही मालकाची मूळ तक्रार, 115 मध्ये सुटत होती.

पाटीवरचा आकडा

कन्सोलजवळच्या क्षमतेच्या पाटीवर 115 एचपी लिहिलेलं होतं. मालकाचं म्हणणं, "कंपन्या हातचं राखून लिहितात." हे मी खूप जणांकडून ऐकतो, म्हणून त्या आकड्यामागचा हिशोब त्याला करून दाखवला. 20 फुटांखालच्या एका हलच्या बोटींसाठी अमेरिकी तटरक्षक दलाच्या नियमांत सूत्र आहे: लांबी आणि ट्रान्समची रुंदी फुटांत घेऊन गुणाकार करा, चाकाचं सुकाणू असेल आणि ट्रान्सम किमान 20 इंच उंच असेल तर त्या गुणाकाराची दुप्पट करून 90 वजा करा, येणारा आकडा पुढच्या पाचाच्या पटीत न्या. इथे 17 गुणिले 6 म्हणजे 102. दुप्पट 204, वजा 90, उरले 114. पाटीवर 115.

म्हणजे हातचं राखलेलं काही नव्हतं. त्या मापाच्या ट्रान्समला जेवढं जास्तीत जास्त देता येतं तेवढं दिलेलं होतं. आणि हे फक्त वेगाबद्दल नसतं. त्याच नियमांत बोट पाण्याने भरल्यावर सपाट तरंगत राहावी यासाठीचा फोम, इंजिनाचं वजन एचपीनुसार धरून ठरवला जातो. मागे 86 किलो जास्त टांगले तर बुडण्याच्या प्रसंगी बोट मागून खाली जाते आणि माणसांना धरायला फक्त वर आलेलं टोक उरतं. पाटीवरच्या आकड्यापेक्षा मोठं इंजिन अनेक ठिकाणी बेकायदा आहे आणि विमा कंपनीला दावा नाकारायला ते आयतं कारण मिळतं, हे वेगळंच. पण मला यातलं बुडण्याचं कारण सर्वांत जास्त खुपतं.

तरीही मालकाला प्रत्यक्ष दिसल्याशिवाय पटणार नव्हतं, आणि ते मला रास्त वाटलं. म्हणून एक साधी चाचणी केली. शांत पाण्यात बोट बांधली, जुनं इंजिन जागेवरच, आणि ट्रान्समला आतून टेकवून पाण्याचे कॅन ठेवत गेलो. आधी 45 किलोचे, म्हणजे 115 चं जादा वजन. डेकवरचं पाणी बाहेर जाण्याची मागची भोकं पाण्याच्या पातळीच्या वर तीन बोटं राहिली. मग 86 किलो केले. भोकं पाण्याला टेकली. त्यात मालक आणि त्याचा भाऊ मागे येऊन उभे राहिले, तसं पाणी त्या भोकांतून उलटं डेकवर यायला लागलं आणि त्यांच्या चपला ओल्या झाल्या. खरं इंजिन ट्रान्समच्या बाहेर टांगलेलं असतं, म्हणजे त्याचा भार कॅनपेक्षाही जास्त पडला असता. 150 चा विषय तिथेच संपला. ज्याला इंजिनाचं वजन वाढवायचंय त्याने एवढी चाचणी जरूर करावी. तिला पाणी आणि कॅन सोडून काही लागत नाही.

ट्रान्सम

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो जायलाच हवा होता. 115 एचपी 30 नॉटला चालताना, पंख्याची कार्यक्षमता 60 टक्के धरली तरी, सुमारे 340 किलोंचा रेटा तयार होतो. हा रेटा ट्रान्समच्या वरच्या कडेपासून जवळपास 70 सेंटिमीटर खाली लागतो. म्हणजे खालून पुढे ढकलणारं आणि वरून मागे ओढणारं पिळणं चार बोल्ट आणि एक फळी मिळून सोसतात. लाटेवर आपटताना यात भर पडते ती वेगळी.

इंजिन अर्धवट वर करून खालचा भाग दोन्ही हातांनी वर-खाली हलवला आणि दुसऱ्याला ट्रान्समकडे बघायला सांगितलं. बोट मागेपुढे झाली पाहिजे, फळी वाकता कामा नये. इथे ट्रान्सम डेकला मिळतो त्या कोपऱ्यात जेलकोटवरची (फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावरची) बारीक भेग उघड-मीट होताना स्पष्ट दिसली. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत गेलो तर वर टणक आवाज आणि खालच्या बोल्टांभोवती भद्द. आतल्या बाजूने 6 मिलिमीटरचं भोक पाडलं. वरच्या भोकातून कोरडा, फिकट भुसा आला. खालच्या भोकातून ड्रिलला चिकटून आलेला चुरा काळपट, ओला आणि कुजकट वासाचा होता.

बाहेरची कातडी तशीच ठेवून आतून काम केलं. आतला फायबरचा थर कापला, कुजलेलं प्लायवूड खरवडून काढलं, कडा कोरड्या होऊ दिल्या. मग 18 मिलिमीटरच्या मरिन प्लायचे दोन थर इपॉक्सीत बसवले, वर फायबरचे थर चढवले आणि ट्रान्समपासून तळाच्या उभ्या पट्ट्यांपर्यंत दोन्ही बाजूंना त्रिकोणी आधार दिले. बोल्टांची भोकं मुद्दाम मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि त्या भरावातून पुन्हा योग्य मापाची पाडली, म्हणजे पुढे सीलंट फाटलं तरी पाणी लाकडापर्यंत जाणार नाही. ड्रेन प्लगच्या भोकालाही हेच केलं. बहुतेक ट्रान्सम कुजायला सुरुवात त्या छोट्या भोकापासून होते, आणि तिकडे कुणी बघत नाही.

डेक उघडलेलंच होतं, तेव्हा ओला फोम काढून तेवढ्याच आकारमानाचा नवा बंद पेशींचा फोम भरला. नुसता काढून टाकून वजन वाचवायचा मोह होतो, तो टाळायचा.

बसवणी

दोन्ही बॅटऱ्या मागून उचलून कन्सोलखाली नेल्या. मागे वाढलेल्या 45 किलोंवर हा उतारा होता. पण त्यामुळे केबल लांबली. स्टार्टर सुरू होताना 150 अँपिअर ओढतो असं धरलं आणि जाऊन-येऊन 6 मीटर तांब्याची केबल असेल तर 16 चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये जवळपास एक व्होल्ट गळतो. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या इंजिनाला ते चाललं असतं. नव्या इंजिनाचा कंट्रोलर कमी व्होल्टेजला बिथरतो आणि इंजिन फिरतं पण पेटत नाही. 35 चौरस मिलिमीटरची टाकली, गळती अर्ध्या व्होल्टच्या आत.

केबलचं सुकाणू घट्ट झालेलं होतं, त्या जागी हायड्रॉलिक आलं. इंधनाची नळी 10 मिलिमीटर आतल्या व्यासाची केली, पाणी वेगळं करणारा 10 मायक्रॉनचा फिल्टर बसवला, टाकी धुतली. जुन्या टाकीतला गाळ इंजेक्टरपर्यंत जाऊ देणं म्हणजे नव्या इंजिनाचा पहिला महिना वाया घालवणं. चालकाच्या अंगाला लावायची इंजिन बंद करणारी दोरी जुनी, ताणून सैल झालेली होती. ती बदलली आणि वेग वाढल्यावर ती लावल्याशिवाय चालवणार नाही हे मालकाकडून कबूल करून घेतलं.

उंचीवर मात्र थांबायला हवं. इंजिन आधी सर्वांत खाली बसवलेलं होतं, तेव्हा पंख्यावरची आडवी पट्टी हलच्या तळापेक्षा 4 सेंटिमीटर खाली होती. बोट जड चालत होती, वळताना सुकाणू ओढत होतं. बोल्टांची भोकं साधारण 19 मिलिमीटरच्या अंतराने असतात. दोन भोकं वर घेतलं तर वेगात वळताना पंख्याने हवा ओढली आणि आरपीएम एकदम उडाले. एक भोक खाली आणलं, आणि तिथे ते जमलं. हे कागदावर ठरत नाही.

आकडे

इंजिनासोबत 17 इंची पंखा आला होता. नव्या इंजिनाची मर्यादा 5000 ते 6000 आरपीएम. दोघं बसून 5350 मिळाले, वेग 30 नॉट. सहा जण बसले की 4800. तीच जुनी चूक नव्या इंजिनावर पुन्हा होऊ घातली होती. मर्यादेच्या खाली अडकून पूर्ण थ्रॉटलवर चालणारं इंजिन गरम होतं, कार्बन धरतं आणि लवकर मरतं. 15 इंची लावला: दोघांसह 5800 आरपीएम आणि 29.5 नॉट, सहा जणांसह 5400 आणि 26. पडताळून बघायचं असेल तर आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअरचं प्रमाण, भागिले 1215 केलं की नॉटमधला सैद्धांतिक वेग मिळतो. इथे गिअर 2.15, म्हणून 33.3 नॉट. प्रत्यक्ष 29.5, म्हणजे घसरण 11 टक्क्यांच्या आसपास, अशा बोटीसाठी निरोगी.

मालकाला अर्धा नॉट गेल्याची चुटपुट लागली. मग सहा जण बसवून थ्रॉटल दिला आणि बोट सहा-सात सेकंदांत प्लेनवर आली, तेव्हा त्याने तो विषय काढला नाही. 20 नॉटला पेट्रोल तासाला 24 लिटरवरून 16 वर आलं. टाकीतलं एक तृतीयांश राखून ठेवलं तर पूर्वी 44 सागरी मैल जाता यायचं, आता 66. माझ्या लेखी या कामातला हा सर्वांत मोठा फायदा आहे. वेग फार तर थोडा वेळ अनुभवला जातो, पल्ला दर फेरीला उपयोगी पडतो.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. रिकाम्या बोटीत इंजिन जास्त बाहेर ट्रिम केलं, म्हणजे त्याचा खालचा भाग ट्रान्समपासून दूर झुकवला, तर 25 नॉटच्या पुढे पुढचं टोक लयीत वर-खाली उसळतं. ट्रिम आत घेतलं की थांबतं. मालकाला ट्रिम टॅब (ट्रान्समच्या खालच्या कडेला लावायच्या झुकत्या पट्ट्या) लावायचे आहेत; मी आधी नांगर आणि साखळी पुढच्या खणात हलवून बघायला सांगितलं आहे. पहिल्या 20 तासांनंतरच्या सर्व्हिसला तेल बदलताना ट्रान्समचे चारही बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासले. एक बोल्ट किंचित सैल निघाला, बाकी तीन जागच्या जागी. आतल्या बाजूला ओलाव्याच्या मीटरने घेतलेली नोंद आणि पंख्यासह सगळे आरपीएम त्याच्या लॉगबुकात लिहून दिले आहेत, आणि 100 तासांच्या सर्व्हिसला तीच मोजमापं पुन्हा घ्यायची आहेत.